लोहाराचे हातोडे आणि गिटारची खरखर

अभिजात गिटारला सहा तारा असतात. त्यांतली सर्वांत खर्जातली सहावी तार एरवी 'ई' या स्वरात, म्हणजे सेकंदाला सुमारे ८२ कंपनांवर लावतात. काही रचनांसाठी मात्र ती एक पूर्ण स्वर उतरवून 'डी'मध्ये, सुमारे ७३ कंपनांवर आणावी लागते. फ्रान्सिस्को तारेगा (१८५२–१९०९) या स्पॅनिश वादकाची 'काप्रिचो आराबे' ही रचना अशीच वाजवतात. तार उतरवली की पुष्कळदा स्वराबरोबर खरखर ऐकू येऊ लागते. कंप पावणारी तार दांडीवरच्या धातूच्या पडद्यांवर आपटत असते.

वारंवारता कमी झाली ती फक्त ११ टक्क्यांनी. मग तेवढ्याने तार इतकी सैल का पडावी? युरोपात हजाराहून अधिक वर्षे या प्रश्नाचे चुकीचे उत्तर शिकवले जात होते.

ते उत्तर पायथागोरसच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या एका गोष्टीत आहे. लोहाराच्या दुकानावरून जाताना त्याला हातोड्यांचे सुरेल आवाज ऐकू आले. त्याने हातोडे तोलले. एकाचे वजन दुसऱ्याच्या दुप्पट होते, आणि त्या दोघांच्या आवाजांत एका सप्तकाचे अंतर होते. मग त्याने त्याच प्रमाणातली वजने तारांना टांगली आणि तेच स्वर मिळाले, अशी ही कथा. बोएथियससारख्या ग्रंथकारांनी ती लिहून ठेवली आणि पुढच्यांनी ती उतरवून घेतली. वजने टांगून पाहण्याची तसदी सहसा कोणी घेतली नाही.

ती घेतली व्हिन्चेन्झो गॅलिली या इटालियन ल्यूटवादकाने. प्रसिद्ध गॅलिलिओचे हे वडील. तारा लावण्यात त्यांचे आयुष्य गेले होते. त्यांनी खरोखर वजने टांगून पाहिली आणि १५८९ साली, आपलेच गुरू झार्लिनो यांच्या मतांचे खंडन करणाऱ्या पुस्तकात निष्कर्ष छापला: सप्तक मिळवायचे तर वजन दुप्पट नव्हे, चौपट हवे. १६३६ मध्ये फ्रेंच धर्मगुरू मारँ मेर्सेन यांनी तारेचे नियम पूर्ण मांडले. वारंवारता लांबीच्या व्यस्त प्रमाणात, ताणाच्या वर्गमुळाच्या सम प्रमाणात आणि तारेच्या दर एकक लांबीच्या वस्तुमानाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलते.

आता आपल्या तारेकडे वळू. वारंवारता ०.८९ पट झाली, तर ताण तिच्या वर्गाइतका, म्हणजे सुमारे ०.७९ पट होतो. ११ टक्के स्वर उतरवला आणि २१ टक्के ताण गेला! तेवढ्याच जोराने छेडलेली तार आता सव्वापट बाजूला सरकते. बाराव्या पडद्याजवळ या तारेखाली साधारण ४ मिलिमीटर जागा असते. मानेकडच्या पहिल्या पडद्यांवर तर ती खूपच कमी असते. तिथे खरखर होणारच.

मग तार मुळातच जाड का घेऊ नये? जुने वादक या प्रश्नाशी झगडत होते. त्यांच्या तारा मेंढीच्या आतड्यापासून पिळलेल्या तातीच्या असत. लुईस मिलान या स्पॅनिश वादकाने १५३६ च्या आपल्या पुस्तकात सल्ला दिला होता की, सर्वांत वरची तार तुटणार नाही इतपत ताणावी आणि बाकीच्या तिच्या हिशोबाने लावाव्यात. वरच्या बाजूला तुटण्याची मर्यादा, खालच्या बाजूला सैलपणाची. खर्जासाठी तात जाड करत गेले की ती ताठ होते आणि आवाज बसका निघतो. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तातीवर किंवा रेशमावर धातूची बारीक तार गुंडाळण्याची युक्ती पसरली. वस्तुमान वाढले, लवचीकपणा टिकला. दुसऱ्या महायुद्धात शस्त्रक्रियेच्या टाक्यांसाठी तातीची मागणी वाढून वादकांना ती मिळेनाशी झाली. तेव्हा न्यू यॉर्कचे कारागीर अल्बर्ट ऑगस्टीन यांनी नायलॉनच्या तारा बनवल्या, आणि आंद्रेस सेगोव्हिया यांनी त्या वापरल्यावर त्या सर्वत्र रुळल्या.

खरखर घालवण्याचे आजचे उपायही याच नियमांतून निघतात. 'डी'मध्ये आधीचा ताण हवा असेल तर दर सेंटिमीटरला सव्वापट वस्तुमानाची तार लावावी. तसे नको असेल तर तारेखालची जागा वाढवावी. घोडीवरच्या हाडाच्या पट्टीखाली १ मिलिमीटर जाडीची चकती सरकवली, तर तारेच्या मध्यावर, म्हणजे बाराव्या पडद्याजवळ, अर्धा मिलिमीटर जागा वाढते. तिसरा उपाय फुकटचा आहे: तार हलक्या हाताने आणि गिटारच्या पृष्ठभागाला समांतर छेडावी, म्हणजे ती पडद्यांच्या दिशेने कमी हलते. खरखर एकाच पडद्यावर येत असेल, तर दोष ताणाचा नसून बहुधा पुढचा एखादा पडदा वर आलेला असतो. तो कारागिराकडूनच घासून घ्यावा.

व्हिन्चेन्झोंचा प्रयोग वर्गात करता येतो. पोलादी बारीक तार टेबलाच्या कडेवरून सोडून तिला आधी १, मग २ आणि शेवटी ४ किलो वजन टांगा. खाली कोणाचा पाय नको. आधी मुलांना अंदाज विचारा. बहुतेक जण पायथागोरसच्या गोष्टीतलेच उत्तर देतील. २ किलोला वरचा सा येत नाही, तीव्र मध्यमाच्या आसपासचा स्वर येतो. वरचा सा येतो तो ४ किलोला.

जाता जाता एक आपल्याकडची गंमत. गिटारवाला जी खरखर घालवायला धडपडतो, तिचीच सख्खी बहीण मिरजेचे कारागीर मुद्दाम घडवतात. तंबोऱ्याच्या रुंद, किंचित उतरत्या घोडीवर तार घासत राहावी म्हणून ते ती घोडी कानाने पारखत घासतात आणि तारेखाली सूत सरकवतात. तीच जवारी. नियमाप्रमाणे तार जिथे छेडावी तिथे ज्या उपस्वराचा निस्पंद बिंदू असेल, तो उपस्वर ऐकू येऊ नये. तंबोऱ्यात तो स्पष्ट ऐकू येतो, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली दाखवून दिले. पुढच्या वेळी तंबोरा हाती आला तर सूत काढून एकदा ऐका, आणि मग पुन्हा जागेवर सरकवून ऐका.