एका किड्याचें खरें नांव

‘किरमिजी’ हा शब्द आपण रंगाचा म्हणून वापरतों. परंतु फारशींतून आलेल्या ह्या शब्दाच्या पोटांत एक किडा दडलेला आहे. पांडवांच्या लाक्षागृहाची लाख हेंही त्याच्याच एका भाऊबंदाचें देणें. ह्या कुळाला आपण खवले-कीड म्हणतों. पिठ्या ढेकूणही त्यांतलाच. रत्नागिरी जिल्ह्यांतील लोटे हें गांव आज रासायनिक कारखान्यांमुळें सर्वांस ठाऊक आहे. पण त्या बाजूच्या आमराईंत पानांवर जी काजळी धरते, ती पुष्कळदां ह्याच कुळाच्या गोड स्रावावर पोसलेली असते.

जगांत ह्या किडींच्या सुमारें ८,००० जाती नोंदल्या गेल्या आहेत. मादीला पंख नसतात. पुष्कळ जातींत पायही झडून जातात, आणि एका जागीं सोंड रोवून, मेणाच्या कवचाखालीं ती जन्म काढते. नुसत्या डोळ्यांना ती पानावरचा ठिपका वाटते. तिची जात ठरवावयाची तर तिला क्षारांत उकळून, रंगवून, कांचेवर बसवून सूक्ष्मदर्शकाखालीं तिच्या अंगावरचीं छिद्रें मोजावीं लागतात. एवढा खटाटोप कशासाठीं, असें वाचक विचारतील. त्याचें उत्तर इतिहासांत आहे.

अठराव्या शतकांत मेक्सिकोच्या किरमिजी किड्यापासून निघणारा तांबडा रंग ही स्पेनची मिरासदारी होती. १७८६ सालीं मद्रास येथें ईस्ट इंडिया कंपनीचे डॉक्टर जेम्स अँडरसन ह्यांना गवतावर तसाच एक किडा आढळला. त्यांनीं मोठ्या आशेनें लंडनला सर जोसेफ बँक्स ह्यांना कळविलें. परंतु तो किडा निराळा ठरला. पुढें १७९५ सालीं कॅप्टन नीलसन ह्यांनीं ब्राझीलहून जिवंत किडे कलकत्त्यास आणले. खरा किरमिजी किडा आला, असें सर्वांनीं मानलें. वस्तुतः ती रानटी जात होती. तिचा रंग हलका निघाला, व्यापार बसला. आणि ज्या निवडुंगावर तिला पोसावयाचें, तो निवडुंगच तिनें खाऊन टाकला.

व्यापाऱ्यांचा हा तोटा शेतकऱ्यांच्या पथ्यावर पडला. १८३६ च्या सुमारास तोच किडा निवडुंग मारण्यासाठीं मुद्दाम दक्षिणेंत नेला गेला. किड्याकडून तण मारविण्याचें जगांतील हें पहिलें उदाहरण समजलें जातें. मात्र रानोमाळ माजलेल्या दुसऱ्या जातीच्या निवडुंगाला त्यानें तोंडही लावलें नाहीं. त्या निवडुंगासाठीं ह्याच गोत्रांतला निराळा किडा हवा होता. तो १९२६ सालीं सिलोनहून आणला, तेव्हां थोड्याच वर्षांत दक्षिणेंतील मोठमोठीं रानें मोकळीं झालीं. दोन्ही किडे कापसासारखें पांढरें मेण पांघरणारे, दिसावयास जवळजवळ सारखे. फरक काय तो जातीचा.

हा फरक ओळखण्याची विद्या याद्या करणाऱ्यांनीं घडविली. सिलोनच्या खवले-किडींवर अर्नेस्ट ग्रीन ह्यांनीं १८९६ पासून १९२२ पर्यंत पांच भाग काढले. दक्षिण हिंदुस्थानची नोंद टी. व्ही. रामकृष्ण अय्यर ह्यांनीं केली. त्या विद्येचें फळ अलीकडेही दिसलें. २००८ सालीं कोइमतूरला पपईवर एक अनोळखी पिठ्या ढेकूण दिसला आणि पुढें तो महाराष्ट्रांतही शिरला. तो मेक्सिको व मध्य अमेरिकेकडचा अशी ओळख पटली, म्हणूनच त्याचा शत्रु कोठें शोधावयाचा हें कळलें. २०१० सालीं पोर्टो रिकोहून गांधीलमाशीच्या गोत्रांतल्या चिमुकल्या माशा आणून सोडल्या, आणि त्यांनीं त्याला आवरलें.

लोट्याच्या बागाइतदाराला लॅटिन नांवें पाठ असण्याचें कारण नाहीं. परंतु त्याच्या आंब्यावरचा ठिपका कोणत्या जातीचा, हें सांगणारा कोणीतरी दापोलीच्या कृषि विद्यापीठांत सूक्ष्मदर्शकाशीं बसलेला असला पाहिजे. अशा माणसाच्या हातून वर्षाकांठीं यादींत चार नांवांची भर पडली, तर ती थोडी म्हणूं नये. ओळख पटण्यापूर्वीं मारलेली फवारणी पुष्कळदां किडीच्या आधीं तिच्या शत्रूंनाच मारते.