रसायनीचा नकाशा : ठिपक्यांत काय मावते, काय निसटते

१/ खालापूर तालुक्यात पाताळगंगेच्या काठी वसलेल्या रसायनीला तिचे नाव कारखान्यांनी दिले. वासांबे, मोहोपाडा ही गावे त्याआधीची. साठ वर्षांत इथे कोण आले, कोण गेले आणि कोण मोजलेच गेले नाही, हे एका चित्रात दाखवता येईल का? त्या प्रश्नाचा हा धागा.

२/ वस्तीचे चित्र काढण्याची परंपरा जुनी आहे. चार्ल्स बूथ यांनी १८८९ मध्ये लंडनच्या गरिबीचा नकाशा प्रसिद्ध केला. प्रत्येक रस्त्याला रहिवाशांच्या ऐपतीनुसार रंग दिला होता : सर्वांत हलाखीला काळा, श्रीमंतीला पिवळा. सुरुवातीची माहिती घरोघर फिरणाऱ्या शाळामंडळाच्या तपासनीसांकडून आली होती.

३/ त्याच लंडनमध्ये १९६४ साली रूथ ग्लास यांनी ‘जेंट्रिफिकेशन’ हा शब्द घडवला. कष्टकऱ्यांच्या वस्तीत सधन लोक येतात, घरे सुधारतात, भाडी चढतात आणि मूळ रहिवासी हळूहळू बाहेर फेकले जातात, अशी ती प्रक्रिया.

४/ २०१३ मध्ये अमेरिकेत डस्टिन केबल यांनी २०१० च्या जनगणनेतील प्रत्येक माणसासाठी एक ठिपका काढला. ३० कोटी ८७ लाखांहून अधिक ठिपके, वंशानुसार रंगवलेले. पडद्यावर नकाशा मोठा करत गेले की शहरातली अदृश्य कुंपणे डोळ्यांना दिसू लागतात.

५/ आता आपल्याकडे वळू. मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये ३३,३८,०३१ होती. २०११ मध्ये ती ३०,८५,४११ झाली. त्याच दशकात रायगड जिल्हा २२,०७,९२९ वरून २६,३४,२०० वर गेला. मुंबईतले अडीच लाख ठिपके विझले, रायगडात सव्वाचार लाख उजळले. पण कोणता ठिपका कुठून कुठे गेला, हे या बेरजा सांगत नाहीत.

६/ या दोन जिल्ह्यांना जोडणारे एक साल मात्र आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. त्याच वर्षी पाताळगंगेला रिलायन्सच्या कारखान्यात पॉलिएस्टर धाग्याचे उत्पादन सुरू झाले. गिरणगावातला सुती माग थांबत असताना इकडे कृत्रिम धागा निघू लागला होता. पुढे गिरण्यांच्या जमिनींवर मॉल आणि मनोरे उभे राहिले.

७/ रसायनीचा आरंभ त्याआधीचा. १९६० मध्ये स्थापन झालेल्या सरकारी हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्सचा कारखाना इथे उभा राहिला. शेजारी हिंदुस्थान इन्सेक्टिसाइड्समध्ये डीडीटी बनू लागले. भातखाचरांच्या मुलखात पाळ्यांचे भोंगे वाजू लागले, कामगार वसाहती आल्या.

८/ मे २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने हिंदुस्थान ऑरगॅनिकचा इथला कारखाना बंद करण्यास मंजुरी दिली. वगळला फक्त एक विभाग : रॉकेटच्या इंधनासाठी लागणारे डायनायट्रोजन टेट्रॉक्साइड बनवणारा. तो इस्रोकडे द्यायचे ठरले. ४४२ एकर जमीन भारत पेट्रोलियमला.

९/ जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला. मुंबईचे अंतर घटले की जमिनीचा भाव चढतो, हे इथे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. पण शेवटची जनगणना २०११ ची. कारखाना बंद झाला, सेतू आला. या काळात डोकी मोजलीच गेली नाहीत. आज काढलेला कोणताही ठिपक्यांचा नकाशा म्हणजे कारखाना चालू असतानाची रसायनी.

१०/ याहून खोल अडचण कातकरी वाड्यांची. कर्जत-खालापूरच्या डोंगरउतारांवर कातकरी आणि ठाकर राहतात. कातकरी हे नावही एका उद्योगाचेच : खैराचे लाकूड उकळून कात काढणारे ते कातकरी. केंद्र सरकारच्या यादीत ही महाराष्ट्रातील तीन विशेष असुरक्षित आदिम जमातींपैकी एक आहे.

११/ गावनिहाय तक्त्यात मात्र ‘अनुसूचित जमाती’ असा एकच रकाना असतो. कातकरी, ठाकर, महादेव कोळी सगळे त्यातच. नकाशात त्यांना वेगळा रंग देऊ म्हटले, तरी गावाच्या पातळीवर तो देता येत नाही.

१२/ शिवाय २०११ ची मोजणी झाली ९ ते २८ फेब्रुवारीत. दिवाळीनंतर पावसाळ्यापर्यंत अनेक कातकरी कुटुंबे आगाऊ उचल घेऊन वीटभट्ट्यांवर गेलेली असतात. मोजणीच्या पूर्ण काळात जो घरी नसतो तो घरच्या पत्त्यावर धरला जात नाही. जिथे सापडेल तिथे मोजायचा, हा नियम. म्हणजे वाडीचा ठिपका भट्टीवर उमटतो, किंवा उमटतच नाही. नकाशात वाडी रिकामी दिसते, आणि रिकामी दिसणारी जमीन नियोजनकाराला मोकळी वाटते.

१३/ पुढच्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ हा दिवस ठरवला आहे. पुन्हा भट्टीचाच हंगाम. बूथ यांना रस्त्यांचे रंग ठरवायला घरोघरच्या तपासनीसांची मदत झाली. आपल्याकडे कोणत्या वाडीतली कोणती घरे कधी बंद असतात, हे आशाताई आणि अंगणवाडीताईंना ठाऊक असते. रसायनीचे चित्र काढणाऱ्याने ऋतूंचीही एक पट्टी ठेवावी : श्रावणात भरलेली वाडी, फाल्गुनात उजळलेली भट्टी. दोन्ही ठिपके एकाच माणसाचे.