वाघासाठी कुंपण, तळ्यासाठी दार : एका अर्ध्या दाराचा इतिहास

सुंदरबनात जंगलाच्या ज्या कडा गावांसमोर येतात, तेथे वनखात्याने मैलोगणती नायलॉनची जाळी उभारली आहे. वाघाने खाडी ओलांडून वस्तीत शिरू नये, हा तिचा हेतू. जाळी फार मजबूत नसते. पण अनोळखी अडथळा दिसला की वाघ बहुधा माघारी वळतो. त्याच गावांत घराच्या ओसरीपासून चार पावलांवर तळे असते आणि त्याभोवती बहुतेक ठिकाणी काहीच नसते. गेल्या काही वर्षांत कोलकात्याच्या एका संस्थेने घरोघर फिरून जी मोजणी केली, तिच्यातून दिसले की सुंदरबनातील लहान मुलांचा मोठा शत्रू जंगलात नाही, अंगणात आहे. मूल आणि धोका यांच्यामध्ये एक साधी आडकाठी उभी करायची, ही कल्पना विज्ञानाचा विषय कशी झाली, याचा इतिहास या मोजणीपाशी येऊन पोहोचतो.

योगायोग असा की या विज्ञानाच्या एका आरंभीच्या लेखाच्या नावातही वाघच आहेत. अमेरिकन वैद्य विल्यम हॅडन यांनी १९७० साली ‘ऑन द एस्केप ऑफ टायगर्स’ हा छोटा निबंध प्रसिद्ध केला. अपघात हा दैवाचा फेरा नव्हे, ऊर्जेचे चुकीच्या जागी झालेले संक्रमण आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. पिंजऱ्यातून सुटलेला वाघ, उंचावरून पडणारे शरीर, उकळते पाणी, भरधाव मोटार या सर्वांना एकच प्रश्न विचारता येतो : ही ऊर्जा माणसापर्यंत पोहोचण्याआधी तिला कोठे अडवता येईल? त्यांनी दहा मार्ग सांगितले. त्यांपैकी एक म्हणजे धोका आणि माणूस यांच्यामध्ये भौतिक अडथळा घालणे. ‘आईने लक्ष ठेवायला हवे होते’ या वाक्याऐवजी ‘येथे काय उभे करता आले असते?’ हा प्रश्न त्यामुळे मध्यभागी आला. दोषाकडून रचनेकडे झालेला हा प्रवास हेच या शास्त्राचे खरे योगदान होय.

अडथळ्याची गरज मात्र शास्त्रापेक्षा फार जुनी आहे. यशोदेने कृष्णाला उखळाला बांधले आणि पोटाला दावे असलेला तो ‘दामोदर’ झाला, ही कथा भारतातील प्रत्येक भाषेला ठाऊक आहे. भक्तीचा भाग क्षणभर बाजूला ठेवला, तर त्या प्रसंगात एक ओळखीचे घर दिसते : रांगते मूल, कामात गुंतलेली आई आणि हाताशी असलेली दोरी. शेतावर किंवा बांधकामावर राबणाऱ्या स्त्रिया आजही मुलाच्या कमरेला लुगड्याचा पदर बांधून दुसरे टोक खुंटाला अडकवतात. जुन्या घरांतील उंच उंबरठा आणि दाराचा फक्त खालचा भाग झाकणारे अर्धे दार यांनीही तेच काम केले. वारा आत येई, कोंबडी-कुत्रे बाहेर राहत आणि मूल आत.

विसाव्या शतकात पाश्चात्त्य घरांमध्ये या अर्ध्या दाराचा कारखानी अवतार आला. लाकडी पट्ट्या तिरक्या जोडून केलेले, भात्यासारखे मिटणारे-उघडणारे फाटक जिन्याच्या तोंडाशी लावले जाई. कोलकात्याच्या रहिवाशाला ही रचना समजावून सांगावी लागणार नाही. तेथील जुन्या इमारतींच्या दारांना आणि पिंजऱ्यासारख्या लिफ्टना असणारे लोखंडी ‘कोलॅप्सिबल गेट’ याच भूमितीचे असते : एकमेकींना छेदणाऱ्या पट्ट्या, मध्ये हिऱ्याच्या आकाराच्या खिडक्या आणि वरच्या कडेला ‘व्ही’ आकाराच्या खाचा. माणसाला अडवण्यासाठी ती उत्तम. मुलासाठी तीच घातक ठरली. फाटकावर चढू पाहणाऱ्या मुलाची मान वरच्या खाचेत अडके, किंवा डोके मधल्या खिडकीतून जाई आणि परत येत नसे. अशा मृत्यूंच्या नोंदी झाल्यावर अमेरिकेत १९८५ साली या प्रकारच्या फाटकांचे उत्पादन थांबले.

यातून घरगुती फाटकाला मापे मिळाली. मुलाच्या शरीराची एक विचित्र बाब अशी की डोके धडाच्या मानाने मोठे असते. ज्या फटीतून धड सरकते, तीतून डोके बाहेर निघेलच असे नाही. म्हणून चाचणीत लहान मुलाच्या धडाएवढा ठोकळा फटीत जोर लावून ढकलतात. तो आरपार गेला, तर फाटक नापास. उंची किमान २२ इंच, म्हणजे सुमारे ५६ सेंटिमीटर हवी. भिंतींच्या दाबावर टिकणारे फाटक जिन्याच्या वरच्या टोकाशी लावू नये, तेथे ते स्क्रूने पक्के बसवावे, असेही सांगितले जाते. कारण दाबाचे फाटक निसटले, तर मूल आणि फाटक दोन्ही पायऱ्यांवरून खाली जातात. अमेरिकेत हे मानक १९८६ पासून ऐच्छिक होते. ते बंधनकारक होण्यास २०२१ साल उजाडले. ते सहा महिने ते दोन वर्षे या वयासाठी आहे. केवळ पाळीव प्राण्यांसाठी विकल्या जाणाऱ्या फाटकांना ते लागू नाही, ही गोष्ट महानगरांतील सदनिकांमध्ये महत्त्वाची ठरते. कुत्र्याला स्वयंपाकघराबाहेर ठेवण्यासाठी घेतलेल्या जाळीच्या फटी कुत्र्याच्या हिशेबाने ठरलेल्या असतात, मुलाच्या डोक्याच्या नव्हे.

अडथळ्याचा सार्वजनिक परिणाम किती असू शकतो, हे न्यूयॉर्कने दाखवले. १९७० च्या दशकाच्या आरंभी तेथील आरोग्य खात्याने ‘चिल्ड्रन कान्ट फ्लाय’ ही मोहीम चालवली आणि उंच इमारतींतील कुटुंबांना खिडक्यांसाठी मोफत गज दिले. ब्राँक्स भागात १९७३ ते १९७५ या काळात खिडकीतून पडण्याच्या नोंदलेल्या घटना निम्म्याने घटल्या. १९७६ मध्ये शहराने नियमच केला : दहा वर्षांपर्यंतचे मूल असलेल्या घरात गज बसवणे ही घरमालकाची जबाबदारी. सल्ला तोच होता. बदलले ते एवढेच की गजांचा खर्च आणि काळजी एकट्या आईवर राहिली नाही.

परंतु अडथळा म्हणजे हमी नव्हे, हेही आकड्यांनीच सांगितले. १९९० ते २०१० या काळात अमेरिकेत सात वर्षांखालील सुमारे ३७,००० मुलांवर फाटकांशी संबंधित दुखापतींसाठी तातडीच्या विभागात उपचार झाले, असा अंदाज २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने मांडला. त्यांतील बहुसंख्य मुले दोन वर्षांखालील होती आणि त्यांच्या दुखापतींचे नेहमीचे कारण होते कोसळलेले किंवा उघडे राहिलेले फाटक. उघडे फाटक हे फाटक नसल्यासारखेच. किंबहुना अधिक धोक्याचे, कारण घरातील प्रत्येकाला ते बंद असल्याची खात्री असते.

आता पुन्हा सुंदरबन. बालरोगतज्ज्ञ डॉ. समीर चौधुरी यांनी १९७४ साली कोलकात्यात ‘चाइल्ड इन नीड इन्स्टिट्यूट’ ही संस्था सुरू केली; तिचे आरंभीचे काम कुपोषणाविरुद्ध होते. या संस्थेने ‘द जॉर्ज इन्स्टिट्यूट फॉर ग्लोबल हेल्थ’ या संशोधनसंस्थेसह उत्तर आणि दक्षिण २४ परगणा जिल्ह्यांतील सुंदरबनाच्या १९ गटांत बालमृत्यूंची पाहणी केली. प्रत्यक्ष गावांत जाऊन विचारणे आवश्यक होते, कारण तळ्यात बुडालेले लहान मूल बहुधा रुग्णालयात पोहोचत नाही आणि म्हणून कागदावरही येत नाही. पाहणीचा निष्कर्ष असा : एक ते चार वर्षे वयोगटात बुडून होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण दर लाख मुलांमागे २४३.८, तर पाच ते नऊ वर्षांत ३८.८. पहिल्या आकड्याचा अर्थ साध्या हिशेबाने लावता येतो. हा वार्षिक दर चार वर्षे कायम राहिला, तर पहिला वाढदिवस पार केलेल्या शंभर मुलांमधील जवळपास एक मूल पाचव्या वाढदिवसाआधी बुडून जाते.

यामागे भूगोल आहे. सुंदरबनातील नद्या खाऱ्या. गोडे पाणी हवे, तर पावसाचे साठवावे लागते. घर पुराच्या पातळीच्या वर उचलायचे, तर माती शेजारून खणावी लागते. खणलेला खड्डा तळे होतो आणि त्यातच आंघोळ, भांडी, मासे, बदके सारे चालते. म्हणजे तळे हा घराबाहेरचा धोका नाही. ते घराचाच भाग आहे. सकाळनंतरच्या तासांत पुरुष कामावर, थोरली भावंडे शाळेत, आई चुलीपाशी. नुकते चालू लागलेले मूल त्या वेळी काठाशी पोहोचते. डोके जड असल्याने ते तोंडघशी पडते आणि ओरडत नाही. बुडणे बहुधा निःशब्द असते, आणि काही मिनिटे पुरतात. बाहेर काढलेल्या मुलाला डोक्यावर धरून गरगर फिरवण्याची जुनी समजूत काही गावांत टिकून आहे. त्यात कृत्रिम श्वासाची मोलाची मिनिटे निघून जातात.

मग दारात फाटक का लावू नये? हा प्रयोग शेजारच्या बांगलादेशात झाला. मतलब या ग्रामीण भागात काही कुटुंबांना दाराची आडकाठी, तर काहींना मुलाला खेळत ठेवण्याचा कठड्याचा चौकोन देण्यात आला. चौकोन बऱ्यापैकी वापरला गेला. दाराची आडकाठी मागे पडली. विचार केला तर नवल वाटत नाही. शहरी सदनिकेत दार म्हणजे घराची सीमा. बंगालच्या खेड्यात घर म्हणजे अंगण, वेगळी चूल, गोठा आणि तळे. दिवसभरात ते दार सतत ओलांडावे लागते. जिन्यासाठी घडलेली वस्तू अंगणासाठी चालत नाही.

तेथे अधिक यशस्वी ठरली ती माणसांची रचना. ‘आँचल’ नावाची बालकेंद्रे सकाळी नऊ ते दुपारी एक, आठवड्याचे सहा दिवस, गावातीलच एका प्रशिक्षित स्त्रीच्या देखरेखीखाली सुमारे २५ मुलांना सांभाळतात. नेमके धोक्याचे तास त्यांनी झाकले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार केंद्रात येणाऱ्या मुलांमध्ये बुडण्याचे प्रमाण सुमारे ८० टक्क्यांनी कमी आढळले. सुंदरबनात याच धर्तीवर ‘कवच’ केंद्रे सुरू झाली; काही तळ्यांभोवती बांबू आणि जाळीची कुंपणे उभी राहिली; गावकऱ्यांना कृत्रिम श्वास शिकवला जाऊ लागला. पाण्याभोवती अडथळे आणि शाळापूर्व मुलांसाठी पाण्यापासून दूर सुरक्षित जागा, या दोन्ही उपायांची शिफारस जागतिक आरोग्य संघटना करते. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०२१ मध्ये या विषयावर ठराव केला आणि २५ जुलै हा दिवस नेमला. भारताच्या आरोग्य मंत्रालयाने २०२३ मध्ये बुडणे रोखण्यासाठी धोरणात्मक आराखडा आणला.

‘अडथळा’ आणि ‘देखरेख’ यांना परस्परांचे पर्याय मानण्याची सवय आहे. फाटकाचा इतिहास पाहिला, तर तसे दिसत नाही. न्यूयॉर्कमध्ये गज टिकले, कारण ते बसवण्याची जबाबदारी कोणावर आहे हे नियमाने ठरवले. मतलबमध्ये दाराची आडकाठी मागे पडली, कारण ती घराच्या दिवसक्रमात बसत नव्हती. ‘आँचल’ यशस्वी झाले, कारण चार तासांपुरता का होईना, आईच्या नजरेचा भार गावाने वाटून घेतला.

सुंदरबनातील नायलॉनची जाळी फाटते, तेव्हा वनरक्षक होडीतून येऊन ती शिवतात. ते त्यांचे नेमून दिलेले काम आहे. तळ्याच्या कुंपणाचा बांबूही दोन-तीन पावसाळ्यांत कुजणारच. तो कोणी बदलायचा, याचे उत्तर ज्या गावाने आधीच ठरवून ठेवले असेल, तेथेच ते कुंपण पुढच्या मुलाच्या उपयोगी पडेल.