अस्थींचे नाव

1895 च्या अखेरीस राँटगेन याने क्ष-किरणांचा शोध लावला आणि पुढच्याच वर्षी जर्मनीत त्या किरणांनी ईजिप्तमधील ममीची छायाचित्रे घेण्यात आली. वस्त्राचे एकही वेष्टन न उलगडता आतील देह पाहण्याची विद्या मनुष्यास साध्य झाली. 1991 साली आल्प्सच्या बर्फात सापडलेल्या, पाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या पुरुषाच्या डाव्या खांद्यात रुतलेले बाणाचे टोक 2001 साली अशाच चित्रांत दिसले. देहाची घडण आणि त्यावरील घाव ही चित्रे दाखवितात. परंतु देह कोणाचा, हे सांगणे त्यांच्या शक्तीबाहेरचे असते.

जुन्या गोव्यात नेमका हाच प्रश्न होता. जॉर्जियातील काखेतीची राणी केतेवान हिने धर्म सोडण्यास नकार दिला, तेव्हा इराणच्या शहा अब्बासच्या आज्ञेने 1624 साली शिराझ येथे हाल करून तिचा वध करण्यात आला. ऑगस्टिनियन साधूंनी तिचे काही अवशेष मिळवून 1627 साली गोव्यास आणले. ते मठातील एका चॅपेलच्या दुसऱ्या खिडकीजवळ दगडी पेटीत ठेवल्याची नोंद पोर्तुगीज कागदपत्रांत आहे. पुढे 1835 मध्ये साधूंना गोवा सोडावा लागला, 1842 मध्ये चर्चचे छत कोसळले आणि जुन्या खुणा ढिगाऱ्याखाली बुजल्या.

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याने तेथे उत्खनन केले आणि 2004 साली हाताचे एक लांब हाड हाती आले. मातेकडूनच अपत्यास मिळणाऱ्या डीएनएची तपासणी हैदराबादच्या सेंटर फॉर सेल्युलर अँड मॉलिक्युलर बायॉलॉजी या संस्थेत झाली. त्या हाडात आढळलेली मातृवंशाची शाखा भारतीय उपखंडातील सुमारे 22,000 व्यक्तींच्या नमुन्यांत एकदाही मिळाली नाही. जॉर्जियातील अवघ्या 30 व्यक्तींपैकी दोघांत मात्र ती मिळाली.

हे हाड राणीचे, असे डीएनएने म्हटलेले नाही. त्याने केवळ दूरच्या मातृवंशाकडे बोट दाखविले. राणीचे नाव जुन्या कागदाने सांगितले आणि जागा कुदळीने दाखविली. तिन्ही साक्षी जुळल्यावरही संशोधकांनी 2013 साली लिहिले ते इतकेच, की हाड राणीचे असावे.

जुलै 2021 मध्ये भारताने या अवशेषांचा एक भाग तिबिलिसी येथे जॉर्जियाच्या स्वाधीन केला. तेथे ही राणी संत म्हणून पूजिली जाते. भक्तांची श्रद्धा पूर्ण असते. ‘असावे’ या शब्दावर थांबण्याचा संयम विद्येने पाळला, आणि म्हणूनच तिची साक्ष विश्वासास पात्र ठरते.