'नाही' आणि 'नव्हे'

मराठी भाषेत नकाराची दोन रूपे आहेत. 'येथे विहीर नाही' या वाक्याने वस्तूचे अस्तित्वच नाकारले जाते. 'ही विहीर नव्हे' या वाक्याने केवळ तिच्याविषयीचा एक समज दूर होतो, वस्तू जागच्या जागी राहते. बृहदारण्यकोपनिषदात याज्ञवल्क्याने आत्म्याच्या वर्णनासाठी जी 'नेति नेति' ही रीत योजिली, ती या दुसऱ्या जातीची होय. व्यवहारात मात्र 'नव्हे'चे 'नाही' केव्हा होते हे कळतही नाही. त्याचे एक उदाहरण आमच्याच प्रांतात आहे.

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेस, पैनगंगेच्या अलीकडे, झरी जामणी तालुका लागतो. येथील पोडांतून कोलाम लोक राहतात. त्यांची भाषा कोलामी. ती गोंडीचीच एखादी बोली असावी, असा समज पूर्वी रूढ होता. ग्रियर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाच्या 1906 साली निघालेल्या चौथ्या खंडात स्टेन कोनो यांनी तिचे गोंडीहून असलेले अंतर दाखविले. कोलामी म्हणजे गोंडी नव्हे, एवढे त्यामुळे उमगले. पण मग ती काय आहे, हा प्रश्न उरलाच.

या प्रश्नाचे सविस्तर उत्तर मरे एमेनो यांच्या व्याकरणग्रंथाने दिले. वर्धा भागातील कोलामी प्रत्यक्ष ऐकून त्यांनी तो सिद्ध केला व तो 1955 साली प्रसिद्ध झाला. त्या भाषेत नामांचे दोनच वर्ग आहेत : एक पुरुषवाचक, आणि दुसरा पुरुषवाचक नसलेल्या सर्वांचा. स्त्री, बैल आणि दगड हे या दुसऱ्या वर्गात एकत्र नांदतात. येथेही व्याख्या नकाराचीच. परंतु ती शब्दाशब्दाच्या परीक्षेनंतर केलेली आहे.

योगायोग असा की, त्याच 1955 साली हिंदू विवाह कायदा झाला. मुसलमान, ख्रिस्ती, पारशी अथवा यहुदी नसलेल्या इतर माणसासही त्याने सामान्यतः आपल्या कक्षेत घेतले. आणि केंद्र सरकारने अधिसूचनेने तसे ठरविल्याखेरीज अनुसूचित जमातींस तो लागू नाही, असेही सांगितले. जमातींच्या रूढींस हात न लावण्याचा हा विवेक होता, असे आम्ही मानतो. परंतु त्या रूढी कोणत्या, हे त्या कलमात नाही. ते शोधणे इतरांवर राहिले.

नकाराची व्याख्या दोषास्पद आहे, असे आमचे म्हणणे नाही. चुकीची ओळख पुसल्याखेरीज खरी लिहिता येत नाही. मात्र पाटी पुसून जो उठून जातो, त्याने अर्धेच काम केले. महाराष्ट्रातील विशेष असुरक्षित गणल्या गेलेल्या तीन जमातींत कातकरी व माडिया गोंड यांच्याबरोबर कोलामांचेही नाव आहे. त्यांच्याविषयी कोणी विचारले, तर आम्हां सुशिक्षितांपाशी उत्तरे निघतात ती बहुधा अशीच : ते गोंड नव्हेत, त्यांची भाषा मराठी नव्हे. पुढचे वाक्य आम्हांस येत नाही. ते यावयाचे तर पोडावर जाऊन ऐकावे लागेल. आणि तोवर आमच्या प्रत्येक 'नव्हे'चा अर्थ कोलामांच्या कानी 'नाही' असाच पडत राहील.