टॉवर बंद पडला तर? हॅम रेडिओवर निरोप असा द्या

गोरेगाव : पुरात, वादळात मोबाइल टॉवर बंद पडला की ११२ लागत नाही, जिल्हा आपत्ती कक्षाचा १०७७ पण लागत नाही. अशा वेळी हॅम रेडिओ कामी येतो. १९९३ च्या किल्लारी भूकंपात हॅम मंडळींनी निरोप पोहोचवण्याचं काम केलं होतं.

आता रेडिओ सेटला लॅपटॉप जोडून लेखी निरोपही जातो. बोलण्यात नावं, आकडे चुकतात. लेखीत ते कमी चुकतात. सेट चालवायला केंद्र सरकारचा परवाना लागतो, पण निरोप गावकऱ्यांनीच लिहून द्यायचा असतो.

निरोप देताना :

- नुसतं 'गोरेगाव' लिहू नका. गोरेगाव मुंबईत आहे, रायगडातही आहे. गाव, तालुका, जिल्हा लिहा.
- 'मदत पाठवा' नको. 'शाळेच्या छतावर १४ जण, एक बाई गरोदर, बोट हवी' असं लिहा.
- 'मघाशी' नको. तारीख आणि वेळ टाका, जसं २१:४०.
- पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगळं लिहा.
- आधार, बँक नंबर देऊ नका. रेडिओ कुणीही ऐकू शकतो.

ऑपरेटरने :

- आधी ऐकावं, मग पाठवावं.
- जिवाचा धोका असलेला निरोप पहिला.
- प्रत्येक निरोपाला क्रमांक द्यावा, शब्द बदलू नयेत.
- पोच आल्याशिवाय निरोप गेला असं धरू नये.

जवळचा परवानाधारक हॅम कोण, हे पावसाळ्याआधीच विचारून ठेवा. बॅटरीही चार्ज असू द्या.