वीस आणि पन्नास मिळून किती?

जुनी गाडी बाळगणाऱ्या घरी माळ्यावर इंजिन ऑइलचे दोन-तीन अर्धवट डबे हमखास सापडतात. एकावर '२०' लिहिलेले असते, दुसऱ्यावर '५०', तिसऱ्यावर '२०डब्ल्यू-५०'. पहिली दोन तेले निम्मी-निम्मी मिसळली तर '३५'चे तेल तयार होईल का? आणि ते गाडीत घालावे का? प्रश्न साधा वाटतो. पण डब्यावरचे आकडे निसर्गाने दिलेले नाहीत, माणसांनी ठरवलेले आहेत. ते कसे ठरले हे पाहिल्याशिवाय उत्तर मिळत नाही.

सुरुवात रेल्वेपासून करू. १८८३ साली इंग्लंडमध्ये बोशँप टॉवर हे अभियंते रेल्वेच्या आसांच्या बेअरिंगवर प्रयोग करत होते. तेल घालण्यासाठी त्यांनी बेअरिंगच्या माथ्यावर भोक पाडले, तर आस फिरू लागताच त्यातून तेलच वर येऊ लागले. भोकात लाकडी बूच ठोकले, तेही बाहेर फेकले गेले. म्हणजे आस धातूवर टेकलेला नव्हता. तेलाच्या दाबाखालील पातळ थरावर तो तरंगत होता. ऑसबर्न रेनॉल्ड्स यांनी १८८६ मध्ये याचे गणित मांडले. फिरणारा आस तेलाला निमुळत्या फटीत ओढून नेतो, त्यातून दाब निर्माण होतो आणि तो दाब भार उचलतो. हा थर किती जाड राहील हे वेग, भार आणि तेलाची श्यानता यांवर अवलंबून असते.

श्यानता म्हणजे वाहण्याला होणारा अंतर्गत विरोध. गॅरेजमधले मिस्त्री 'जाड तेल', 'पातळ तेल' म्हणतात ते हेच. तिचा घनतेशी थेट संबंध नाही. एरंडेल पाण्याहून कितीतरी श्यान असते, तरी ते पाण्यावर तरंगते.

श्यानता मोजण्याची त्या काळची रीत सोपी होती. ठराविक तेल ठराविक तापमानाला बारीक छिद्रातून वाहू द्यायचे आणि सेकंद मोजायचे. अमेरिकेत सेबोल्ट, ब्रिटनमध्ये रेडवुड आणि जर्मनीत एंग्लर यांची उपकरणे रूढ झाली. मोटारी वाढल्या तशी सर्वांना कळेल अशा प्रतवारीची गरज भासू लागली. अमेरिकेतील 'सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह इंजिनिअर्स' या संस्थेने, म्हणजे एसएईने, १९११ साली इंजिन ऑइलची पहिली प्रतवारी प्रसिद्ध केली. २०, ३०, ४० असे आकडे १९२०च्या दशकात रुळले.

हे आकडे म्हणजे मापे नव्हेत, इयत्ता आहेत. आजच्या व्याख्येनुसार १०० अंश सेल्सिअसला श्यानता ६.९ ते ९.३ सेंटिस्टोक असेल तर तेल '२०', ९.३ ते १२.५ असेल तर '३०', १२.५ ते १६.३ असेल तर '४०' आणि १६.३ ते २१.९ असेल तर '५०'. तिसरीचा आणि पाचवीचा विद्यार्थी एका बाकावर बसवल्याने जसा चौथीचा वर्ग होत नाही, तशीच इयत्तांचीही सरासरी काढता येत नाही.

मग प्रत्यक्ष श्यानतेची तरी सरासरी काढता येते का? समजा, '२०' तेलाची श्यानता ७ आणि '५०'ची १९ सेंटिस्टोक आहे. सरासरी १३ येते, म्हणजे मिश्रण '४०' ठरावे. पण द्रवांच्या मिश्रणात श्यानता अशी सरळ मिसळत नाही. स्वांते अऱ्हेनियस यांनी १८८७ मध्ये सुचवलेल्या नियमानुसार सरासरी काढायची ती श्यानतेच्या लॉगॅरिथमची. निम्म्या-निम्म्या मिश्रणासाठी याचा अर्थ गुणाकाराचे वर्गमूळ. ७ गुणिले १९ म्हणजे १३३ आणि त्याचे वर्गमूळ सुमारे ११.५. तेल '३०' निघाले! नियम स्थूल आहे, पण दिशा बरोबर दाखवतो : पातळ घटक आपल्या वाट्याहून अधिक प्रभाव पाडतो.

आता तिसरा डबा. '२०' आणि '५०' मिसळून '२०डब्ल्यू-५०' होत नाही का? नाही. 'डब्ल्यू' हे हिवाळ्यासाठीच्या इंग्रजी शब्दाचे आद्याक्षर. तेल थंडीत घट्ट होते आणि उष्णतेने पातळ होते. पण सगळी तेले सारख्या प्रमाणात बदलत नाहीत. १९२९ मध्ये डीन आणि डेव्हिस यांनी यासाठी 'श्यानता निर्देशांक' सुचवला. कमी बदलणाऱ्या पेनसिल्व्हेनियाच्या तेलाला त्यांनी १०० गुण दिले आणि फार बदलणाऱ्या गल्फ किनाऱ्यावरच्या तेलाला शून्य. १९३३ मध्ये 'डब्ल्यू' प्रती आल्या. उणे तापमानात इंजिन सुरू होईल इतके पातळ आणि तापल्यावर पुरेसे जाड राहणारे तेल बनवायला मात्र बहुवारिकांची मदत घ्यावी लागली. या रेणूंच्या लांब साखळ्या थंडीत गुंडाळलेल्या राहतात, तापल्यावर पसरतात आणि तेलाचे पातळ होणे रोखतात. अशी बहुप्रती तेले १९५०च्या दशकात बाजारात रुळली. साध्या मिश्रणात या साखळ्या येणार कोठून?

शिवाय प्रत केवळ श्यानता सांगते. तेलातील इतर रसायने सांगत नाही. १९३०च्या दशकात डिझेल इंजिनांच्या पिस्टन-रिंगा काजळीने अडकू लागल्या, तेव्हा मळ सोडवून धरणारी द्रव्ये तेलात आली. पुढे झिजेपासून रक्षण करणारे जस्त व फॉस्फरसयुक्त संयुग आले. मात्र फॉस्फरसमुळे धुरातील विषारी वायू कमी करणारे उत्प्रेरक निकामी होतात, म्हणून २००४ पासून अमेरिकी प्रतवारीत पातळ पेट्रोल-ऑइलसाठी फॉस्फरसची मर्यादा ०.०८ टक्क्यांवर आणली गेली. जुन्या इंजिनांत कॅम आणि टॅपेट एकमेकांवर घासत सरकतात. १९६४ पासून मुंबईत कुर्ल्याला बनलेली फियाट ११००, म्हणजे पुढची पद्मिनी, याच जातीची. तिला हे संयुग अधिक लागते.

तर मग उरलेल्या तेलाचे काय करायचे? अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या प्रतवारीतील तेलांना एकमेकांत मिसळण्याची चाचणी द्यावी लागते, म्हणून ती सहसा वेगळी होत नाहीत किंवा साकळत नाहीत. पण तुमच्या मिश्रणाची गुणवत्ता कोणी तपासलेली नसते. डिपस्टिकवर तेल खालच्या खुणेखाली गेले असेल, तर जवळच्या प्रतीचे अर्धा लिटर तेल घालणे केव्हाही बरे. तेल कमी पडून बेअरिंग जळण्याचा धोका त्याहून मोठा आहे. पण संपूर्ण तेल बदलताना उरल्यासुरल्या डब्यांची खिचडी करू नये. लेबल गेलेले तेल इंजिनात घालू नये, आणि गटारात तर कोणतेच ओतू नये. ते बिजागऱ्यांना व कुलपांना चालेल.

वर्गात दोन प्रयोग करता येतील. सुई काढलेल्या इंजेक्शनच्या नळीतून गोडेतेल, एरंडेल आणि त्यांचे निम्मे-निम्मे मिश्रण वाहू द्या आणि प्रत्येकाला लागणारे सेकंद मोजा. मिश्रणाचा वेळ साध्या सरासरीच्या किती खाली येतो, हे विद्यार्थ्यांनाच शोधू द्या. मग एरंडेल आणि औषधाच्या दुकानात मिळणारे लिक्विड पॅरॅफिन एका बाटलीत हलवून रात्रभर ठेवा. सकाळी दोन थर दिसतील. दोन्हींना आपण तेलच म्हणतो, पण एक बियांतून आले आहे आणि दुसरे खनिज तेलातून. नाव एक असले म्हणून पदार्थ एक होत नाहीत, हे त्या बाटलीइतके स्पष्ट आपल्यालाही सांगता येणार नाही.